तुम्ही विचारलंत म्हणून : येशू तुमच्यातलाच, मग तुमचा का नाही?

आडनाव सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे अलिबागकडचे का?" हो, अलिबागकडचेच. आम्ही ज्यू, बेने इस्रायल, असं म्हटलं की दुसरा, "म्हणजे ख्रिश्चनच ना?" नाही. मग समोरचा जरा थांबतो आणि तिसरा प्रश्न टाकतो, "पण येशू ज्यूच होता ना? मग तुम्ही त्याला का मानत नाही?" शाळेत, कॉलेजात, बँकेत, लोकलच्या लेडीज डब्यात, सगळीकडे हा प्रश्न मला भेटलाय. अलीकडे त्याला एक शेपूट फुटलंय. डोक्यावर किप्पा म्हणजे ज्यूंची छोटी गोल टोपी, अंगावर तालीथ म्हणजे प्रार्थनेची शाल, तोंडी हिब्रू प्रार्थना आणि येशू हाच मशीहा अशी श्रद्धा, अशा लोकांचे व्हिडिओ फिरत असतात. ते दाखवून लोक विचारतात, "मग हे कोण? हे ज्यू नाहीत का?"

आधी सरळ उत्तर देते. येशू ज्यू होता, त्याची आई ज्यू, बारा शिष्य ज्यू, पौलही ज्यू. यात वाद नाही. ज्यू आईच्या पोटी जन्मलेला माणूस येशूला मशीहा मानायला लागला, तरी माझ्या लेखी तो ज्यूच राहतो. त्याची ती श्रद्धा मात्र ज्यू श्रद्धा नव्हे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे रेल्वेच्या दोन स्टेशनांमध्ये सांगून होत नाही.

माझ्या वडिलांना कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर दोन शब्दांचं असायचं. "अजून यायचाय." त्यांना धर्मशास्त्राची फार आवड नव्हती, पण या दोन शब्दांत जवळजवळ सगळं आलं. आमच्याकडे मशीहा म्हणजे दाविदाच्या वंशातला राजा. तो आला की काय होईल हे संदेष्ट्यांनी लिहून ठेवलंय : तलवारी मोडून नांगराचे फाळ होतील, एक राष्ट्र दुसऱ्यावर शस्त्र उचलणार नाही, परागंदा झालेलं इस्रायल परत येईल. म्हणजे मशीहा ओळखायचा तो कामावरून. काम झालं नसेल, तर तो आलेला नाही. बाराव्या शतकातल्या मोशे बेन मैमोनने, म्हणजे रामबामने, हे कायद्याच्या भाषेत मांडून ठेवलं : ज्याच्यावर आशा होती तो यशस्वी झाला नाही किंवा मारला गेला, तर तो हा नव्हे.

1263 साली बार्सिलोनात आरागॉनच्या राजासमोर यावर जाहीर वाद झाला. ख्रिस्ती बाजूने पाब्लो क्रिस्तियानी बोलत होता, जो स्वतः जन्माने ज्यू. आमच्या बाजूने मोशे बेन नहमान, म्हणजे रामबान. त्याचा एक मुद्दा मला फार आवडतो, कारण त्यात पांडित्य नाही, डोळे उघडे ठेवून बघणं आहे. येशूपासून आजपर्यंत जग मारामारीने आणि लुटीने भरलेलं आहे, मग शांतीचा राजा आला कधी? राजाने त्याला बक्षीस दिलं म्हणतात. पुढे चर्चच्या लोकांनी त्याला देश सोडायला लावलं, तेही खरं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं स्पेनचं झालं, तुमच्या कोकणाचं काय? कोकणातली गोष्ट मला जास्त जवळची आहे.

आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात जोडपी वाचली, अशी आमची आख्यायिका. पुढे शेकडो वर्षं ते तेल गाळत राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवत राहिले, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. ग्रंथ समुद्रात गेले होते. हिब्रू विसरली होती. उरलं होतं ते खतना, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, खवल्यांचाच मासा खाण्याचा नियम, काही उपास आणि 'शमा' ही एक प्रार्थना : ऐक हे इस्रायला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एक आहे. सुखात, दुःखात, बाळंतपणात, मयतीला, हीच. तेवढ्या एका ओळीवर आम्ही टिकलो असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

1813 मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि 1829 मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन. ज्यांच्या नावाचं कॉलेज चौपाटीसमोर आहे, तेच. त्यांना आमच्यात मोठी आशा दिसली असणार. जुना करार मानणारे, मराठी बोलणारे, आणि स्वतःच्या ग्रंथांबद्दल जवळजवळ काहीच माहीत नसलेले लोक! त्यांनी शाळा काढल्या, आमच्या मुलांना शिकवलं, आमच्यातल्याच काही जणांना शिक्षक म्हणून नेमलं. विल्सनसाहेबांनी 1832 साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं, खास बेने इस्रायलींसाठी. थोडक्यात, आमचा ग्रंथ आम्हाला परत वाचायला शिकवला तो आम्हाला ख्रिस्ती करायला आलेल्या लोकांनी.

मग झालं काय? आमची माणसं शिकली. हिब्रू शिकली, मराठीतून बायबल वाचलं, यशया वाचला, दानिएल वाचला. आणि आणखी पक्की ज्यू झाली. बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. पुढच्या पिढ्यांत जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्यांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. 1874 मध्ये पुण्यात मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, तिच्या चित्रातल्या मात्सा म्हणजे बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क आपल्यासारख्या खाली बसून काम करताना दिसतात. 1880 च्या सुमारास आम्ही कीर्तनही उचललं. समोर टाळ, झांजा, आणि आख्यान अब्राहामाचं. मिशनऱ्यांबद्दल आमच्या जुन्या लोकांच्या बोलण्यात कडवटपणा मी कधी ऐकला नाही. शिकवलंत, उपकार झाले, पण जेवायला आमच्या घरीच जाऊ, असा एकूण सूर. मला तो सूर फार शहाणपणाचा वाटतो.

वसईच्या माझ्या एका सहकारी मैत्रिणीने एकदा यावर बोट ठेवलं होतं. ती कॅथलिक. म्हणाली, "तुम्ही वाट बघताय असं म्हणता, पण तुमच्या घरात त्या मशीहाचं काही दिसत नाही. आमच्याकडे निदान नाताळचा गोठा असतो." मी तिला आमच्याकडच्या मलिद्याला बोलावलं.

मलिदा म्हणजे काय ते सांगते, कारण बाहेर कोणाला माहीत नसतं. नवं घर घेतलं, साखरपुडा झाला, मूल झालं, नवस फेडायचा असला, की मलिदा. मोठ्या थाळीत भिजवलेले पोहे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा. वर पाच प्रकारची फळं लावायची, गुलाबाची फुलं ठेवायची. पुरुष भोवती बसतात, बायका मागे किंवा आजकाल मांडीला मांडी लावून शेजारीच. मग एलियाहू हनाबीचं गाणं सुरू होतं. एलियाहू म्हणजे अग्नीच्या रथातून जिवंत स्वर्गात गेलेला संदेष्टा एलिया. आमच्या लोकांची श्रद्धा अशी, की तो अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेला. घाटातलं खंडाळा नव्हे. तिथल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात, आणि तू बिश्वात, म्हणजे झाडांचं नवं वर्ष, त्या सणाच्या सुमाराला तिथे आमची गर्दी होते. या सणाला जुनी माणसं 'एलियाहू हनाबीचा ऊरूस' म्हणतात. जगातल्या दुसऱ्या ज्यूंना हे सांगितलं की त्यांच्या भुवया वर जातात. जाऊ देत.

मुद्दा असा, की एलियाहू नुसता संत नाही. मलाखी संदेष्टा म्हणतो, तो मोठा दिवस येण्याआधी मी एलियाला पाठवीन. तो मशीहाची वर्दी देणारा. आम्ही गातो त्या गाण्यात हेच मागणं आहे : लवकर आमच्याकडे ये, दाविदाच्या पुत्राला, मशीहाला घेऊन ये. म्हणजे नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आम्ही जगाच्या उद्धाराची आठवण करून देत असतो. मैत्रीण गाणं संपेपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "पण आमच्यात एलिया म्हणजे योहान बाप्तिस्मा करणारा. येशूनेच सांगितलंय तसं. तो येऊन गेला." तिच्या एका वाक्यात दोन धर्मांमधला सगळा फरक मावला. दोघींकडे पुस्तक तेच, माणूस तोच. तिच्या घरी तो येऊन गेलाय, माझ्या घरी त्याची वाट आहे.

बरं, मशीहा चुकीचा ओळखला म्हणून आमच्यात कोणाला धर्माबाहेर काढतात का? नाही, आणि प्रामाणिक माणसाने हे मान्य करायला हवं. रोमनांविरुद्ध 132 साली बंड करणाऱ्या बार कोखबाला रब्बी, म्हणजे धर्मगुरू, अकीवाने मशीहा म्हटलं होतं. तीन वर्षांत बंड चिरडलं गेलं. अकीवा चुकला, आणि तरीही तो आमच्या सर्वांत थोर गुरूंपैकी एक आहे. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमुळे आपल्याला माहीत झालेला ज्यूंचा खबाद पंथ घ्या. त्यांचे रब्बी श्नेअरसन 1994 मध्ये वारले. त्यांच्या अनुयायांतल्या काहींना तेच मशीहा वाटतात, आजही. इतर ज्यूंना ते पटत नाही, काहींचा संताप होतो, पण त्यांना फारसं कोणी ज्यू धर्माबाहेर मोजत नाही. देवच न मानणारे ज्यू तर पैशाला पासरी. मग येशूलाच वेगळा न्याय का?

मला याची दोन कारणं दिसतात. एक, येशूवर श्रद्धा नुसती 'हा मशीहा' इथे थांबली नाही. त्याला देव मानलं गेलं, त्याची पूजा झाली. 'परमेश्वर एक आहे' या ओळीवर तग धरलेल्या माणसाला तिथे पाऊल टाकता येत नाही. अकीवाने बार कोखबाची प्रार्थना केली नव्हती.

दुसरं कारण इतिहासाचं, आणि ते शोधायला लांब जायला नको. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. आपल्याकडे ते हिंदूंच्या छळासाठी आठवतात, आणि ते बरोबरच आहे, पण सुरुवातीला त्याची नजर होती पोर्तुगालहून आलेल्या 'नव्या ख्रिस्तींवर', म्हणजे 1497 मध्ये सक्तीने बाटवलेल्या ज्यूंच्या वंशजांवर. गार्सिया द ऑर्टा हा त्यांच्यातला. गोव्यातला नामांकित वैद्य, हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर 1563 साली ग्रंथ छापणारा. मुंबई बेट काही काळ भाडेपट्ट्याने याच्याकडे होतं. तो 1568 मध्ये मेला, सुटला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळते म्हणून जाळलं. 1580 मध्ये त्याचीही हाडं उकरून काढून जाळली. ज्या नावाने हे झालं, ते नाव गालिलच्या त्या ज्यू सुताराचं. त्या बिचाऱ्याचा यात दोष काय! पण इतकी शतकं 'येशूला मान' याचा अर्थ 'तुझी माणसं सोड' असाच होता. ज्याने मानलं तो पलीकडे गेला, आणि पलीकडून बऱ्याचदा काठी घेऊनच परत आला. बार्सिलोनातला पाब्लो क्रिस्तियानी तसलाच.

पण सगळे तसले नसतात, आणि इथे माझं उत्तर अडखळतं. ओस्वाल्ड रूफाइझेनची गोष्ट ऐका. पोलंडमधला ज्यू तरुण, 1922 चा जन्म. युद्धात ओळख लपवून तो मीर गावात जर्मन पोलिसांचा दुभाषी झाला. ऑगस्ट 1942 मध्ये तिथल्या घेटोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, सगळ्यांना मारणार हे त्याला कळलं. त्याने आधीच खबर पोचवली आणि 200 हून अधिक माणसं जंगलात पळाली, वाचली. त्याला पकडलं, तो निसटला, नन्सच्या मठात लपला. तिथे तो कॅथलिक झाला. युद्धानंतर कार्मेलाइट संन्यासी, पुढे धर्मगुरू, नाव ब्रदर डॅनियल. 1959 मध्ये तो इस्रायलमधल्या हैफाच्या मठात आला आणि परतीच्या कायद्याखाली, म्हणजे 1950 च्या ज्या कायद्याने कुठल्याही ज्यूला इस्रायलचं नागरिकत्व मिळतं त्या कायद्याखाली, अर्ज केला. माझा धर्म कॅथलिक, पण मी राष्ट्राने ज्यू आहे, असं म्हणाला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर 1962 मध्ये चार विरुद्ध एक असा निकाल लागला : नाही. गंमत बघा. न्यायमूर्ती मोशे झिलबर्ग यांनी कबूल केलं, की धर्मशास्त्राने, हलाखाने, बघितलं तर हा माणूस ज्यूच ठरेल, कारण ज्यू आईचं मूल पाप करूनही इस्रायलीच राहतं. पण हा कायदा संसदेचा आहे, आणि रस्त्यावरचा साधा ज्यू कॅथलिक पाद्र्याला ज्यू म्हणणार नाही. विरोधी मत एकट्या हाइम कोहेन यांचं.

त्याच 1962 मध्ये इस्रायलमध्ये आणखी कोणाच्या ज्यूपणावर प्रश्न उभा होता? आमच्या. मुख्य रब्बिनेटने, म्हणजे तिथल्या रब्बींच्या अधिकृत संस्थेने, फतवा काढला, की बेने इस्रायल माणसाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं तर त्याच्या आईकडच्या मागच्या पिढ्या तपासा. कोकणातल्या घटस्फोटांची, पुनर्विवाहांची कागदपत्रं आणा म्हणे! शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांकडे कुठली कागदपत्रं असणार? आमची माणसं जेरुसलेममध्ये धरण्याला बसली. ऑगस्ट 1964 मध्ये संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत, आणि मग फतव्यातून आमचं नाव निघालं. आमच्या घरात त्या धरण्याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलेय.

म्हणजे रूफाइझेनला शास्त्र ज्यू म्हणत होतं आणि सरकार नाही म्हणत होतं. आमचं बरोबर उलटं : सरकारने विमानातून आणून नागरिक करून घेतलं, आणि शास्त्राच्या रखवालदारांनी दारात अडवलं. एकाच वेळी, एकाच शहरात. त्यामुळे कोणी छातीठोकपणे 'अमका ज्यू नाही' म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो. हे वाक्य आम्ही ऐकून घेतलेलं आहे. 1970 मध्ये कायद्यात व्याख्या घातली : ज्यू आईपासून जन्मलेला किंवा धर्म स्वीकारलेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. 1989 मध्ये न्यायालयाने ठरवलं, की येशूला मानणारे 'मेसियानिक ज्यू' या शेवटच्या अटीत अडकतात. रूफाइझेन पुढे इतर परदेशीयांसारखा रीतसर नागरिक झाला आणि 1998 मध्ये हैफातच वारला. 200 माणसं वाचवणाऱ्याला मागच्या दाराने घेतलं, हे मला आजही लागतं. तरी मी त्या खुर्चीत असते तर काय निकाल दिला असता? बहुतेक तोच. एक राष्ट्र म्हणून कोणाला घरचं धरायचं हे ठरवताना, शतकानुशतकं ज्या दाराने माणसं घराबाहेर गेली ते दार आमचंच आहे असं म्हणणं मला जमलं नसतं.

मराठी माणसाला इथे रेव्हरंड टिळक आठवतात, आणि विचारलंही जातं : नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तरी अभंग लिहीत राहिले, तुकोबांना सोडलं नाही, आणि आपण त्यांना आपलेच कवी मानतो. मग ज्यूंना हे का जमू नये? टिळकांच्या वेळी घरात काय कल्लोळ झाला होता ते आठवा, म्हणजे जमलं ते किती वर्षांनी जमलं हे कळेल. शिवाय टिळकांनी धर्म सोडला तरी मराठीपण त्यांच्या हातात राहिलं, कारण मराठीपण धर्मावर उभं नाही. आमच्याकडे लोक आणि धर्म एकमेकांत इतके गुंतलेत, की एक धागा ओढला की दुसरा येतो. माझं मराठीपण मला कोणाकडून तपासून घ्यावं लागत नाही. ज्यूपण मात्र आमच्या लोकांना जेरुसलेमच्या रस्त्यावर बसून सिद्ध करावं लागलं.

आता ते व्हिडिओतले लोक. मी त्यांच्याबद्दल इतक्या ठामपणे बोलते, कारण त्यांच्यातला एक माझा मामेभाऊ आहे. लहानपणी मुंबईतून गेला, इस्रायलमध्ये अश्दोदला वाढला, सैन्यात राहिला, किप्पूरच्या उपासाला पाणीही पीत नाही. गेली काही वर्षं तो येशूला मानतो. 'येशुआ' म्हणतो, क्रूस घालत नाही, शनिवारीच प्रार्थनेला जातो. त्याचं म्हणणं, पहिले सगळे अनुयायी असेच होते, मी नवं काहीच करत नाही. इतिहास म्हणून ते चूक नाही. पण चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत असे लोक दोन्हीकडून नाकारले गेले होते. चर्चचा त्या काळचा मोठा विद्वान संत जेरोम, त्याने तर लिहूनच ठेवलंय, की यांना ज्यूही व्हायचंय आणि ख्रिस्तीही, आणि ते दोन्ही नाहीत. जेरोमशी आमचं एरवी फारसं पटत नाही.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 53 व्या अध्यायावरून आमचं व्हॉट्सअॅपवर जुंपते. 'दुःख सोसणारा सेवक' म्हणजे येशू, असं तो म्हणतो. मी म्हणते, अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या पंडितापासून आमचे भाष्यकार सांगतात की तो सेवक म्हणजे इस्रायल, आणि सोसण्याबद्दल आम्हाला कोणी वेगळं शिकवायला नको. कोणीच हरत नाही. मागे तो एका लग्नाला आला होता, तेव्हा मशिदीत (आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे) त्याला तोरापुढे, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या वाचनाला, बोलावायचं का यावर वडीलधाऱ्यांत कुजबुज झाली. प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांच्या मिन्यानमध्ये त्याला मोजलं नाही, तोरापुढे बोलावलं नाही. त्याने मान खाली घातली, पण उठून गेला नाही. संध्याकाळी जेवायला त्याच्याच पानात मटणाची पहिली वाढणी. दोन्ही गोष्टी मला बरोबर वाटल्या.

त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. घरात मलिदा करायचा की नाही, केला तर बापाने थाळीसमोर बसायचं की नाही, यावर दोन आठवडे फोनाफोनी झाली. शेवटी मामीने निकाल दिला. मलिदा होणार, तो समोरच बसणार, आणि एलियाहूचं गाणं शेवटपर्यंत म्हटलं जाणार, मशीहाला घेऊन ये या ओळीसकट. तिथे त्याला 'पुन्हा घेऊन ये' म्हणायचं असेल, तर त्याने ते मनात म्हणावं, मोठ्याने नको.